उतारावरची द्राक्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"परदेशात जाऊन आलात, तर चार शब्द सांगा," असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी हो म्हटले. विषय कोणता, असे त्यांनी विचारले, आणि मी सांगितला, तेव्हा मात्र त्या क्षणभर गप्प झाल्या. कारण माझा विषय वाइनचा आहे. ज्या मंडळाने गल्लीच्या तोंडचे दारूचे दुकान हलविण्यासाठी भर उन्हात दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या, त्याच मंडळाच्या वर्धापनदिनी हा विषय! पण बाई समंजस. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय सांगणार ते ऐकल्याशिवाय मी नाही कशी म्हणू?" आपणही तेवढीच सवलत मला द्यावी, एवढीच सुरुवातीला विनंती.

माझी लेक व जावई जर्मनीत कोब्लेन्झ या शहरी असतात. तेथे मोझेल नावाची नदी ऱ्हाइनला मिळते. मोझेल उगम पावते फ्रान्समध्ये, व्होज डोंगरात, आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटर वळसे घेत कोब्लेन्झपर्यंत येते. २०२३ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे गेले होते. तिच्या ओळखीच्या एका द्राक्षबागाइतदार घरी तोडणीचे दिवस होते. "आई, तुझे माहेर निफाडचे, तुला बघायला आवडेल," म्हणून तिने मला तेथे नेले. त्या घराचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. घरची बाई साधी. छापून यावे असे तिला वाटणारही नाही.

आगगाडी नदीच्या काठाकाठाने जाते. कोखेम स्टेशन सुटले की सव्वाचार किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो, आणि त्यातून बाहेर पडल्यावर समोर जे दिसते ते पाहून मी तरी खिडकीला नाक लावून बसले. नदीच्या दोन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगराच्या ज्या अंगावर आपल्याकडे शेळीसुद्धा जपून पाय टाकील त्या अंगावर खालपासून वरपर्यंत द्राक्षाचे वेल. तेथून जवळच ब्रेम गावाचा काल्मोन्ट नावाचा डोंगर आहे. त्याचा उतार काही जागी पासष्ट अंशांच्या घरात जातो, आणि युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांत त्याची गणना होते. वणीच्या गडावर चढताना निदान पायरी तरी असते. येथे पायाखाली सुटा, सरकणारा दगड.

आणि हा दगड कोणता? तर आपल्या लहानपणच्या पाटीचा दगड! ज्या पाटीवर आपण श्रीगणेशा गिरवला तोच काळसर, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा दगड. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. त्याच्या तळचा चिखल दाबला जाऊन ही पाटी झाली. गावातली जुनी घरेदेखील याच दगडाने शाकारलेली. कोठे तो निळसर, कोठे राखी, कोठे लोखंडामुळे तांबूस. शेतात माती अशी थोडीच. नजर जाईल तेथे पाटीचे तुकडे.

मी विचारले, "अशा जागी द्राक्षे लावण्याचा अट्टाहास कशासाठी?" त्याचे उत्तर त्या थंडीत आहे. हा मुलूख पन्नास अक्षांशावर आहे. आपल्या नाशकाच्या कितीतरी उत्तरेला. तेथे सपाट जमिनीवर पूर्वी द्राक्ष धड पिकत नसे. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या डोंगरावर ऊन सरळ पडते, नदीच्या पाण्यावरून परतलेला उजेडही मिळतो, आणि काळा दगड दिवसभर तापून रात्री हळूहळू ऊब सोडतो. चूल विझल्यावरही तवा गरम राहतो ना, तसे. म्हणून रोमन लोकांच्या काळापासून तेथे या उतारांवर द्राक्षे आहेत. पीस्पोर्ट गावी चौथ्या शतकातले रोमन द्राक्षघाणे जमिनीखाली सापडले आहेत. रीसलिंग ही तेथली मुख्य जात. पांढऱ्या, म्हणजे हिरवट-पिवळ्या मण्यांची. तिचे नाव १४३५ सालच्या जर्मनीतल्या एका कोठाराच्या हिशेबात प्रथम आढळते, आणि १७८७ मध्ये ट्रिअरच्या राजधर्मगुरूने हलक्या जाती उपटून चांगल्या जाती लावण्याचे फर्मान काढले, तेव्हापासून मोझेलकाठी रीसलिंगचा जम बसला.

आता मूळ गोष्टीकडे वळते. आपल्याकडे द्राक्षाचा मांडव असतो. त्याखाली बायका उभ्याने काम करतात, मान वर करून. तेथल्या जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलाला स्वतंत्र खुंट. वेलाच्या दोन काड्या दोन्ही बाजूंनी वाकवून खुंटाला बांधतात. त्याचा आकार बदामाच्या पानासारखा दिसतो. आपण एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो. तेथे वेल हिवाळाभर झोपतो, म्हणून छाटणी एकच, ऐन थंडीत. पण त्या उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी हाताने, बांधणी हाताने, तोडणी हाताने. काही मळ्यांत एका रुळावरून सरकणारी छोटी गाडी बसविली आहे. ती माणसे व टोपल्या वर नेते. एरवी पाठीवर. पावसाने दगड खाली घसरले की तेच दगड टोपल्यांत भरून परत वर नेऊन टाकायचे, ही तर पिढ्यान् पिढ्यांची रीत. सपाट जमिनीत यंत्राच्या साहाय्याने एका हेक्टराचे वर्षाचे काम तीनशे तासांच्या आत उरकते. अशा उतारावर त्यालाच हजार तासांहून अधिक लागतात.

मी तिसऱ्या बांधापर्यंत चढले आणि माझे गुडघे बोलू लागले. मग घरच्या बाईंनी मला खाली अंगणात बसवून घडातले कुजके मणी काढण्याचे काम दिले. या बाई माझ्याच वयाच्या, सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या. माहेरी आम्ही मण्यांची विरळणी लहानपणापासून केलेली; माझी कात्री चालू झाली तशी त्या बघतच राहिल्या. लेक मध्ये दुभाषी होती. बाई तिला म्हणाल्या, "तुझ्या आईला हे कोणी शिकवले?" मी म्हटले, "सांग त्यांना, जिने त्यांना शिकवले असेल तिच्याचसारख्या बाईने. माझ्या आजीने." त्यानंतर आम्हांला दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

ते घर बायोडायनॅमिक पद्धतीने शेती करते. हा शब्द अवघड आहे, पण गोष्ट ऐकून आपल्याला हसू येईल. १९२४ च्या जून महिन्यात रूडॉल्फ स्टाइनर नावाच्या विचारवंताने कोबेरविट्झ या गावी (ते आता पोलंडमध्ये आहे) शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली. रासायनिक खतांनी जमीन थकत चालली आहे, शेत म्हणजे एक सबंध जीव आहे, त्याचे खत त्यातच तयार व्हावे, असे त्याचे म्हणणे. त्याने एक कृती सांगितली. गाईच्या शिंगात ताजे शेण भरायचे, शरद ऋतूत ते जमिनीत पुरायचे, वसंतात उकरून काढायचे. मग हेक्टरी जेमतेम शंभर ग्रॅम घेऊन ते पाण्यात तासभर घुसळायचे आणि जमिनीवर शिंपडायचे. शिंग गाईचेच हवे, बैलाचे नव्हे! शिवाय चिडवणीसारखी खाजरी पाने, ओकची साल असल्या वनस्पतींची विरजणे कंपोस्टात घालतात. या शेतीचे डेमेटर हे चिन्ह १९२८ पासून चालू आहे. आपल्या देशातही शिंगखत करणारे शेतकरी आता आहेत.

बाईंनी तळघरातली शिंगांची पेटी मला दाखविली. आता शेण म्हटले की आपल्याला कोणी नवीन सांगावे असे नाही. पण आपल्या वस्तूचे परक्याने कौतुक केले की आपण लगेच फुलून जातो, तो मोह मी आवरला आणि सरळ विचारले, "याने खरोखर काही होते का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "नवऱ्याचा विश्वास आहे. माझा अर्धा. पण शिंपडण्यासाठी माणसाला प्रत्येक ओळीतून चालावे लागते. चालले की वेल दिसतो. आजारी कोणता, तहानलेला कोणता, ते कळते. हे मला पुरे आहे."

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले, आणि शास्त्रही त्याच्या फार दूर नाही. जर्मनीतच गाइझेनहाइमच्या विद्यापीठात २००६ पासून रीसलिंगच्या वेलांवर प्रयोग चालला. नेहमीची शेती, सेंद्रिय शेती आणि बायोडायनॅमिक शेती शेजारी शेजारी लावून पाहिल्या. पहिलीपेक्षा पुढच्या दोन्हींत उत्पन्न कमी आले; पण सेंद्रिय व बायोडायनॅमिक यांत परस्पर फरक फारसा दिसला नाही. म्हणजे शिंगाचा चमत्कार सिद्ध झालेला नाही. राखण मात्र खरी आहे.

आणखी एक गोष्ट बाईंनी आपण होऊन सांगितली. "आम्ही औषध मारत नाही असे समजू नका." वेलाला केवडा पडतो, भुरी पडते. निफाडचा शेतकरी आणि मोझेलचा शेतकरी यांचे शत्रू एकच! केवड्यावर उपाय तोच जुना, मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचा. आपले बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमाराचे, फ्रान्सच्या बोर्डो गावाकडून आलेले. सेंद्रिय शेतीत आधुनिक बुरशीनाशके चालत नाहीत, पण तांबे चालते. वर्षाला हेक्टरी तीन किलोची मर्यादा तेथे घातली आहे. तांबे जमिनीतून जात नाही, साचत राहते. २०२१ सारखे पावसाळी वर्ष आले की या लोकांची फार ओढाताण होते. बाटलीवरच्या चिन्हामागे असे पेचही असतात. ते झाकून ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. आपण होऊन सांगणारी ही पहिलीच.

आता ज्या गोष्टीची आपण वाट पाहत आहात ती. त्या द्राक्षांचे होते काय? त्यांची वाइन होते, आणि या घरी ती कोरडी होते. कोरडी म्हणजे जिच्यात साखर उरू दिलेली नाही. द्राक्षातली साखर खमिराने आंबून तिचे अल्कोहोल होते. जवळजवळ सगळी आंबू दिली की चव गोड राहत नाही. तेथल्या कायद्याप्रमाणे लिटरमागे नऊ ग्रॅमपर्यंतच साखर असली, आणि आंबटपणा त्या मानाने असला, तरच 'कोरडी' असे लिहिता येते. मोझेलची जुनी ख्याती गोडसर वाइनची. थंडीमुळे द्राक्षे फार आंबट राहत, म्हणून साखर ठेवून तोल साधावा लागे. पुढे स्वस्त गोड वाइनचा सुळसुळाट झाला. १९८५ मध्ये तर ऑस्ट्रियातल्या वाइनमध्ये गोडी व दाटपणा यावा म्हणून एक विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले, आणि काही जर्मन वाइनमध्येही ते सापडले. तेव्हा पुष्कळ घरे पुन्हा कोरड्या, स्वच्छ वाइनकडे वळली. हल्ली उन्हाळे वाढले, द्राक्षे लवकर पिकतात. जी तोडणी पूर्वी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई ती सप्टेंबरात सुरू होते. त्यामुळे साखर न ठेवताही चवीचा तोल राहतो. या घरी बाहेरचे खमीर घालत नाहीत. मळ्यातून व तळघरातून जे येईल त्यावरच हजार लिटरच्या लाकडी पिंपात रस आंबतो. कधी कधी वसंतापर्यंत सावकाश फसफसत राहतो.

आणि तुम्ही घेतलीत का, असा प्रश्न मागच्या बाकावरून आल्यासारखा मला ऐकू येतो. घेतली. दोन घोट. आपल्यापुढे खोटे बोलून मला काय मिळणार? चव सांगायची तर कागदी लिंबाची साल, कच्चे सफरचंद, आणि शेवटी किंचित खारट वाटावी अशी. जुन्या बाटलीला चक्क रॉकेलचा वास येतो. जाणकारांना तो आवडतो, मला स्टोव्हची आठवण झाली. लोक म्हणतात की पाटीच्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात, दगड काही मुळांतून पेल्यात येत नाही; तो येतो तो उष्णतेच्या, पाण्याच्या, सावकाश पिकण्याच्या वाटेने.

परंतु भगिनींनो, एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे आपण पुष्कळ ऐकले. ते खरे नाही. शिंगाच्या शेणावर वाढलेल्या द्राक्षाची असो की आणखी कशाची, तिच्यात शेकडा बारा-तेरा भाग अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की निर्धोक म्हणावे असे दारूचे प्रमाणच नाही. हे मी त्या बाईंनाही सांगितले. आपण सह्या कशा जमविल्या तेही सांगितले. लेक जरा चपापली. बाईंनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझे वडील पिऊन उतारावरून पडले. मला सांगू नका, मला ठाऊक आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण हा उतार मी सोडला, तर येथे काय उरेल ते तुम्हांला दाखवते."

आणि त्यांनी दाखविले. शेजारचाच तुकडा. दहा-बारा वर्षांपूर्वी म्हातारा वारला, मुले शहरात. आज तेथे काटेरी झुडुपांचे रान. खुंट अजून उभे आहेत, वेल नाहीत. दगडी बांध जागोजाग ढासळलेले. कोरडे रचलेले ते बांध, चुन्याचा एक थेंब नाही. एक दगड निसटला आणि कोणी बसविला नाही, की पुढच्या पावसाळ्यात दहा निसटतात. १९९० च्या सुमारास मोझेलकाठी बारा हजार हेक्टरांहून अधिक द्राक्षे होती. आज ती साडेआठ हजारांच्या आसपास उरली आहेत, आणि आधी सुटतात ते उभे उतार. त्या उघड्या उन्हाळ दगडांवरच अपोलो जातीचे एक फुलपाखरू जगते. त्याचा मोझेलकाठचा प्रकार दुसरीकडे कोठे नाही. रान माजले की त्याचीही जागा जाते.

मी विचारले, "हजार तासांपैकी तुमचे किती?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. त्या बोटांवर मोजू लागल्या. बांधणी त्यांची, पाने काढणे त्यांचे, तोडणीच्या वीस माणसांचा स्वयंपाक त्यांचा, बाटल्यांच्या चिठ्ठ्या, पाहुणे, हिशेब त्यांचे. "माझे तास आम्ही कधी धरलेच नाहीत," त्या म्हणाल्या. बाटलीच्या किमतीत ट्रॅक्टर-रुळांचा खर्च आहे, पोलंड-रुमानियातून येणाऱ्या मजुरांची मजुरी आहे. घरच्या बाईचे तास नाहीत. मला माहेरची आई आठवली. मांडवाखाली तिची मान कायमची धरली; पण घरच्या वहीत तिच्या नावावर एक रुपया कधी पडला नाही.

मी परत आल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये, जर्मनीत उशिराची कडाक्याची थंडी पडली आणि मोझेलच्या मुलखात कोवळे फुटवे करपले. थंड हवा जड. ती उतारावरून घसरून तळाशी साचते. बाईंच्या तळाकडच्या ओळी गेल्या. निफाडला पारा उतरला की आपण बागेत शेकोट्या पेटवतो, ते आठवून मी लेकीकरवी विचारले. निरोप आला: "खालचे गेले, वरचे राहिले. वरच्या चढाला सगळे कंटाळतात, पण यंदा त्यानेच आम्हांला तारले. आणि एक सांगा आईला: सून हिशेबाची नवी वही घेऊन बसली आहे. माझे तास आता तीत लिहितो."

मी आज जे सांगायला उभी राहिले ते एवढेच. वाइन प्यावी असे मी म्हणत नाही. आपल्या सह्यांच्या कागदावर माझे नाव आहे आणि ते राहील. पण ज्या हातांनी एखादा उतार, एखादी बाग, एखादे घर ढासळू न देता धरून ठेवले आहे, त्या हातांचे तास कोणीतरी लिहिले पाहिजेत. ते दुसरे कोणी लिहील याची वाट पाहू नये. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी-सासरी बागा आहेत. ज्यांच्या नाहीत त्यांच्या घरी चूल तर आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने एक वही घालावी, आणि निदान एक महिना आपले स्वतःचे तास तीत मांडावेत. कोणाला दाखवायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी आपल्याला तरी कळू द्या.